नाव, गाव, फळ, फूल

लाइट गेली की ताईच्या घरी नाव-गाव-फळ-फूल सुरू होतं. दिवाळीच्या सुट्टीत धाराशिवला गेलो होतो, तेव्हाही तेच झालं. मेणबत्ती लागली, वहीतली दोन पानं फाटली, चार रकाने आखले गेले आणि सहावीतली भाची मनातल्या मनात क, ख, ग म्हणायला लागली. मी 'थांब' म्हटलं तेव्हा ती 'त'वर होती.

तिनं झरझर लिहिलं: तन्वी, तुळजापूर, ताडगोळा. फुलाशी अडली. माझं झालं होतं: तुकाराम, तेर, तुती, तगर. 'तगर' ऐकल्याबरोबर तिनं हरकत घेतली. "मामा, तगर गाव आहे! तेरचं जुनं नाव. शाळेत शिकवलंय." मी म्हटलं, अगं, फूलही आहे, पांढरं, देवाला वाहतात ते. तिनं आईकडे दाद मागितली. ताई म्हणाली, दोन्ही खरं. त्यानं भाचीचं समाधान होईना. एकच शब्द गावही आणि फूलही, तर गुण कुठल्या रकान्यात धरायचे?

भांडण मिटायच्या आत लाइट आली आणि दुपारपासून अर्धवट पडलेलं माझं काम समोर उजळलं. ताईनं भाचीच्या अभ्यासासाठी वापरलेला कॉम्प्युटर घेतला होता. "ह्याच्यात ते फिल्टर का काय म्हणतात ते बसवून दे बाबा. नको ते दिसायला नको," एवढीच तिची मागणी. भाची माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली.

"मामा, काय करायलास?"

"नको त्या गोष्टी अडवायची सोय."

"पण कॉम्प्युटरला कसं कळतंय नको ते काय?"

ह्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की त्याला कळत नाही. घरोघर बसवली जाणारी बरीचशी फिल्टरं आमचाच खेळ खेळत असतात, फक्त त्यांना पहिले दोनच रकाने येतात: नाव आणि गाव. फळ आणि फूल त्यांच्या वहीत नसतंच. एवढ्या दोन रकान्यांवर जगभरातल्या कोट्यवधी घरांची राखण कशी चालते, हे कळल्यावर मी चाट पडलो. फिल्टर निवडायचं कसं, ह्याची किल्लीही तिथेच सापडली.

नाव

नाव वेगळं आणि जागा वेगळी, हे धाराशिवकरांना समजावून सांगायची गरज नाही. जुनं धाराशिव निजामाच्या राज्यात मीर उस्मान अली खान ह्यांच्या नावावरून उस्मानाबाद झालं आणि २०२३ मध्ये सरकारदरबारी पुन्हा धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. जमीन तसूभरही हलली नाही आणि ४१३५०१ हा पिनकोडही तोच राहिला. शेजारच्या तेरची गोष्ट तर आणखी गमतीची. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या 'तगर' नावाच्या मोठ्या शहराचा उल्लेख आहे. नाव पुस्तकात राहिलं, जागा विस्मरणात गेली. मग अभ्यासकांनी कितीतरी गावं तगर म्हणून सुचवून पाहिली. शेवटी १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट ह्यांनी तगर म्हणजेच तेर, हे मांडलं. तेरणाकाठचं गाव होतं तिथेच होतं. त्याच्या नावाची आणि पत्त्याची गाठ तेवढी सुटली होती.

इंटरनेट ह्याच गाठीवर उभं आहे. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. जुन्या पद्धतीत तो चार आकड्यांचा, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण नावं वापरतो. मग नावावरून पत्ता सांगणारं कुणीतरी मध्ये हवं.

सुरुवातीला हे काम एका फाइलनं केलं. साऱ्या जाळ्यातल्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच यादीत, 'होस्ट्स' नावाच्या फाइलमध्ये. ती यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर ह्यांचा गट सांभाळायचा. कुणाला नवं यंत्र जोडायचं असलं तर कचेरीच्या वेळात त्यांच्याकडे नाव नोंदवायचं. बाकीच्यांनी अधूनमधून ताजी यादी उतरवून घ्यायची. आजच्या इंटरनेटचं पूर्वरूप एका कचेरीतल्या वहीवर चालत होतं, तलाठ्याच्या दप्तरासारखं.

यंत्रं वाढली तशी वही पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस ह्यांनी नवी व्यवस्था आखली. तिचं नाव डीएनएस, म्हणजे नावांची उतरंड. सगळी नावं कुणा एकाकडे नाहीत. सर्वांत वर मूळ सर्व्हर, त्यांची नावं फक्त १३, पण त्यांच्या प्रती जगभरात दीड हजारांहून जास्त ठिकाणी ठेवलेल्या. मूळ सर्व्हर फक्त एवढंच सांगतो की 'डॉट इन'वाल्यांची चौकशी अमक्याकडे करा. तो अमका पुढच्याचं नाव सांगतो, पुढचा नेमका पत्ता देतो. परक्या गावात घर शोधताना आपण आधी एसटी स्टँडवर विचारतो, मग वेशीवर, मग गल्लीतल्या किराणा दुकानात, तसंच. फरक एवढाच की ही सगळी विचारपूस डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकते. बातम्यांचं एक पान उघडताना अशी विचारपूस डझनावारी वेळा होते, कारण मजकूर एका यंत्रावर, चित्रं दुसऱ्या आणि जाहिराती भलत्याच यंत्रांवर असतात.

त्या पहिल्या वहीचं पुढं काय झालं? ती अजून आहे! ताईच्या त्या जुन्या कॉम्प्युटरमध्येही 'होस्ट्स' नावाची छोटी फाइल होती, विंडोजच्या फोल्डरांच्या पोटात खोलवर. कॉम्प्युटर आजही बाहेर कुणाला विचारायच्या आधी ह्या वहीत डोकावतो. तेरचं विटांचं त्रिविक्रम मंदिर मूळचं बौद्ध चैत्यगृह असल्याचं अभ्यासक मानतात. त्यात आजही पूजा होते. तशीच ही फाइलही मोडीत निघाली नाही, वापरात राहिली. जगातलं सर्वांत साधं, फुकट फिल्टर म्हणजे ह्या वहीत लिहिलेली एक ओळ: अमक्या साइटचा पत्ता ०.०.०.०.

गाव

०.०.०.० हे कुठलंच गाव नाही. इथेच सगळी गंमत आहे.

नावाचा पत्ता सांगणाऱ्या त्या मधल्या कारकुनाला आपण बदलू शकतो. एरवी हा कारकून आपल्याला इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा असतो. त्याच्या जागी दुसरा नेमता येतो. क्लाउडफ्लेअर ह्या अमेरिकी कंपनीनं १ एप्रिल २०२० रोजी कुटुंबांसाठी असे दोन कारकून सुरू केले. १.१.१.२ हा घातक, व्हायरस पसरवणाऱ्या साइट्सचा पत्ता सांगत नाही. १.१.१.३ हा त्यांच्याबरोबर अश्लील साइट्सचाही सांगत नाही. ओपन डीएनएसची 'फॅमिली शील्ड' त्याच जातीची, २०८.६७.२२२.१२३ ह्या पत्त्यावरची. दोन्ही सेवा फुकट.

अडवतात कसं, तर शांतपणे. भांडण नाही, कुलूप नाही. यादीतलं नाव विचारलं की क्लाउडफ्लेअरचा कारकून नम्रपणे ०.०.०.० हा पत्ता देतो. कॉम्प्युटर त्या न-गावाला जायला निघतो आणि कुठेच पोचत नाही. साइट होती तिथेच असते, रस्ताही असतो. पत्ता सांगणाऱ्यानं फक्त थाप मारलेली असते. मुलांच्या भल्यासाठी मारलेली थाप!

बसवायला पाच मिनिटं लागतात. घरात केबलवाल्यानं दिलेलं वायफाय असेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी हे आकडे घालायचे. मग त्या वायफायवरचा कॉम्प्युटर, टीव्ही, फोन सगळे त्याच कारकुनाला विचारतात. राउटरचा मूळ पासवर्ड बहुधा त्याच्या पाठीवर छापलेला असतो, तो बदलायला विसरायचं नाही. नाहीतर किल्ली कुलपालाच लटकवल्यासारखं होईल. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ नंतरच्या फोनांत, 'प्रायव्हेट डीएनएस' अशी सोय आहे. तिथे आकड्यांऐवजी नाव घालायचं: फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम. ह्याचा फायदा असा की फोन वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेला तरी कारकून बदलत नाही.

एवढ्या सोप्या सोयीची मर्यादाही तितकीच सोपी आहे. एसटीचा कंडक्टर तुळजापूरचं तिकीट फाडतो. उतरल्यावर तुम्ही देवळात गेलात, लॉजवर गेलात की भजी खात बसलात, हे त्याच्या वहीत येत नाही. डीएनएसला यूट्यूब हे नाव दिसतं, त्यातला कुठला व्हिडिओ ते दिसत नाही. यूट्यूबवर दर मिनिटाला ५०० तासांहून जास्त लांबीचे व्हिडिओ चढतात, असं त्या कंपनीनंच सांगितलं आहे. म्हणजे कारकुनापुढे दोनच वाटा: तो अख्खा समुद्र उघडा ठेवायचा, नाहीतर अख्खा बंद करायचा. मधली वाट हवी तर ती त्या गावातच शोधावी लागते, म्हणजे यूट्यूबचा 'रिस्ट्रिक्टेड मोड' किंवा गूगलचं 'सेफ सर्च' लावायचं.

व्हॉट्सॲपचं तर विचारूच नका. २०१६ पासून त्यातले निरोप पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत कुलूपबंद असतात. फॅमिली ग्रुपवर कुणा काकांनी काय टाकलं, हे वाटेतल्या कुठल्याच फिल्टरला दिसत नाही. आपल्याकडच्या लेकरांपर्यंत पोचणारं किती तरी नको ते ह्याच वाटेनं येतं, घरातल्या मोठ्यांच्या फोनवरून.

ह्याशिवाय पळवाटा आहेतच. काही ब्राउझर घरचा कारकून टाळून आपल्या ओळखीच्या कारकुनाला गुपचूप विचारतात. त्याची पद्धत २०१८ मध्ये अधिकृतपणे ठरली. व्हीपीएन म्हणजे भुयार, त्यातून गेलं की वेशीवरच्या पहारेकऱ्याला माणूस दिसतच नाही. आणि सर्वांत जुनी पळवाट म्हणजे शेजारच्या दादाचा हॉटस्पॉट.

फळ

मग काही फिल्टरं नाव-गाव सोडून शब्द वाचायला लागली, तेव्हा आणखी मजा झाली.

१९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइन ह्या कंपनीच्या शिवी-गाळणीनं इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना खातंच उघडू दिलं नाही. गावाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या पोटात एक शिवी दडलेली होती. गाळणीला गाव दिसलं नाही, शिवी दिसली. पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर कॉलेजची गत त्याहून वाईट. बीव्हर हा नदीत बांध घालणारा प्राणी, पण त्या शब्दाचा एक अश्लील अर्थही आहे. फिल्टरं त्या कॉलेजची साइट अडवायला लागली. ह्या आणि इतर काही कारणांनी कॉलेजनं २००१ मध्ये नाव बदलून आर्केडिया युनिव्हर्सिटी केलं. नाव बदलण्याची कारणं धाराशिवकरांना पुष्कळ ठाऊक असतील. हे मात्र नवं.

असलं गाव आपल्याकडेही सापडेल का, म्हणून मी रोमन लिपीत मराठी शब्द लिहून बघत बसलो. दीक्षित आडनावाचं एक स्पेलिंग सापडलं, त्याच्या शेवटी इंग्रजी शिवी. मग परीक्षित, शिक्षित. आणि मग असा शब्द हाती आला की मी हसतच सुटलो: सुरक्षित. रोमनमध्ये तो लिहिला की त्याची शेवटची चार अक्षरं इंग्रजीतली विष्ठेची शिवी होतात. मुलांना सुरक्षित ठेवायला नेमलेली भाबडी शब्दगाळणी 'सुरक्षित' हाच शब्द खोडून टाकील! त्याच वेळी देवनागरीतली अस्सल मराठवाडी शिवी तिच्या नाकासमोरून डुलत जाईल, कारण तिच्या यादीत ती नाहीच.

ह्यातून निवडीसाठी एक कानमंत्र मिळतो. कुठलंही फिल्टर घेण्याआधी विचारायचं: यादी कुणी केली, आणि कुठल्या भाषेत? जगात नोंदवलेली साइट-नावं ३५ कोटींहून जास्त आहेत. ती सगळी माणसं वाचू शकत नाहीत. यंत्रं ढोबळ वर्गवारी करतात आणि माणसं दुरुस्त्या करतात. चुका होणारच. क्लाउडफ्लेअरची ती कुटुंबसेवा सुरू झाली त्याच दिवशी समलिंगी लोकांना माहिती आणि आधार देणाऱ्या साइट्सही बंद झाल्या होत्या. वर्गवारीची चुकीची यादी जोडली गेली होती. कंपनीनं चूक कबूल करून ती सुधारली. आपल्या घरातही हे होऊ शकतं. सातवीतली मुलगी पाळीबद्दल वाचायला गेली आणि फिल्टरनं तिच्या तोंडावर दार लावलं, तर त्या दारानं तिला काय शिकवलं? की आपल्या शरीराबद्दल विचारणं हेच नको ते.

आणि एवढं करून फळ किती मिळतं? ऑक्सफर्डच्या अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि व्हिक्टोरिया नॅश ह्यांनी युरोपातल्या आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या पाहण्या तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष काढला. एका किशोरवयीन मुलाच्या नजरेला अश्लील मजकूर पडू नये म्हणून १७ ते ७७ घरांत फिल्टर असावं लागेल. त्याआधी २००७ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारनं ८ कोटी ४० लाख डॉलर खर्चून घरोघरी फुकट फिल्टर दिलं. मेलबर्नच्या १६ वर्षांच्या एका शाळकरी पोरानं ते अर्ध्या तासात निकामी करून दाखवलं. वर अशी सफाई की फिल्टरचं चिन्ह पडद्यावर जिथल्या तिथे, म्हणजे आईवडिलांना वाटावं पहारा चालू आहे.

हे वाचून 'मग कशाला हवंय फिल्टर' असं मलाही वाटलं होतं. पण आकडे कुणाचे आहेत ते बघा. ते किशोरवयीन मुलांचे आहेत, ज्यांना शोधायचं असतं आणि शोधता येतं. भाची ११ वर्षांची. ती फुलपाखरू शोधत असताना अपघातानं भलतीकडे जाऊ नये, एवढंच तिच्या बाबतीत हवं आहे. विहिरीला कठडा असतो तो उडी मारणाऱ्यासाठी नसतो, पाय घसरणाऱ्यासाठी असतो. पोहायला शिकलेल्या पोराला कठड्याचं काही वाटत नाही. पण म्हणून कुणी कठडा पाडून टाकत नाही, आणि कठडा आहे म्हणून पोहायला शिकवायचंही कुणी थांबत नाही.

गुण

नाव-गावच्या खेळात शेवटी गुणांची बेरीज असते. तशी ही माझी.

लहान मूल असेल तर डीएनएसचं फिल्टर आधी बसवा, कारण ते फुकट आहे, घरभर चालतं आणि मुलाच्या मागे मागे हेरगिरी करत नाही. यूट्यूब आणि गूगलचे आपापले सुरक्षित पर्याय चालू करा. जुगाराच्या साइट्स अडवायच्या असतील तर वेगळी तजवीज करा, १.१.१.३ च्या कामात त्या येत नाहीत. ओपन डीएनएसचं स्वतःचं खातं उघडलं तर आपण कुठले प्रकार बंद ठेवायचे ते ठरवता येतं.

कॉम्प्युटरवर मुलाचं खातं वेगळं उघडा आणि त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देऊ नका. फिल्टरं मोडण्याच्या बऱ्याच युक्त्या ह्या एका गोष्टीनं बोथट होतात, कारण सेटिंग बदलायला किंवा नवं सॉफ्टवेअर घालायला तुमचा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्टच्या 'फॅमिली सेफ्टी'त साइट अडवायची सोय आहे, पण ती एज ह्या त्यांच्याच ब्राउझरमध्ये चालते, हे ध्यानात ठेवा. फोनासाठी गूगलचं 'फॅमिली लिंक' आहे. त्यात कुठलं ॲप, किती वेळ, हे ठरवता येतं.

आता एक प्रश्न, जो जाहिरातीत कुणी विचारत नाही: वही कुणाच्या हातात? पत्ता सांगणाऱ्या कारकुनाला तुमचं लेकरू कुठे कुठे जातं ते सगळं कळतं. पाळत ठेवणाऱ्या ॲपला तर त्याहून जास्त. म्हणजे फिल्टर निवडणं म्हणजे आपल्या मुलाची रोजनिशी कुणाच्या कपाटात ठेवायची ते निवडणं. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. मुलांचा माग काढणं आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती सोडणं ह्यांवर त्यात बंदी आहे. कायदा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. 'मुलांचे सगळे मेसेज वाचा' असं फुशारकीनं सांगणारं ॲप दिसलं की आधी विचारा, ते मेसेज आणखी कोण वाचणार?

ह्या सगळ्या नाव-गावाच्या भानगडीत न पडता एक वेगळंच फिल्टर धाराशिव जिल्ह्यातच सापडलं. उमरगा तालुक्यातली जकेकूरवाडी. तिथे संध्याकाळी ६ वाजता भोंगा वाजतो आणि ८ पर्यंत मुलांच्या अभ्यासासाठी घरोघरचे टीव्ही-मोबाइल बंद, असा ग्रामपंचायतीचा उपक्रम बातम्यांत आला होता. त्याआधी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं हे केलं. सुमारे ३,००० वस्तीच्या ह्या गावानं १४ ऑगस्ट २०२२ च्या ग्रामसभेत ठरवलं. रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा, पुढचा दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, ८.३० ला पुन्हा भोंगा. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचाच ठराव केला होता.

बान्सीचा ठराव आणि वडगावचा भोंगा ह्यांतला फरक मला फार मोलाचा वाटतो. एक नियम मुलांनाच लागू, दुसरा सगळ्यांना. वडगावचं फिल्टर नाव बघत नाही, गाव बघत नाही, त्याला घड्याळ तेवढं कळतं. त्यातून यूट्यूबही सुटत नाही आणि काकांचं व्हॉट्सॲपही. त्याला यादी लागत नाही, म्हणून भाषेची अडचणही नाही. आणि भोंग्याला व्हीपीएन नसतं! पण त्याची खरी ताकद ह्यात आहे की बापाचाही फोन खाली ठेवला जातो. पोरांना अडवलेलं कळतं, आणि आपल्याला एकट्यालाच अडवलंय हे तर फारच लवकर कळतं.

शेवटचा गुण सांगण्याचा. फिल्टर चोरून बसवू नका. काय अडवलंय, का अडवलंय, आणि चुकीचं काही अडलं तर कुणाला सांगायचं, हे मुलाला माहीत हवं. काही घाबरवणारं दिसलं, कुणी फोटो मागितले, तर ओरडा बसणार नाही, हेही. मुलांसाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे दोन नंबर कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवून ठेवायला पैसे पडत नाहीत.

फूल

तर मी भाचीला शेजारी बसवून हे सगळं तिच्यादेखत केलं. राउटरमध्ये १.१.१.३ तिनंच टाइप केलं. "एवढंच?" ती म्हणाली. तिला बहुधा काहीतरी लाल दिवा वगैरे लागेल असं वाटलं होतं. ०.०.०.० हे गाव तिला फार आवडलं. दुसऱ्या दिवशी खेळताना 'श' आला तर ती गावाच्या रकान्यात 'शून्य' लिहिणार, असं तिनं आधीच जाहीर करून टाकलं.

कॉम्प्युटर तिच्या खोलीत न ठेवता पुढच्या खोलीत, स्वयंपाकघरातून दिसेल असा ठेवायचं ताईनं ठरवलं. ह्यासाठी तिला माझी गरज नव्हती.

पहिला शोध काय घ्यायचा, हे विचारायची सोयच नव्हती. मघाचं भांडण अर्धवट होतं. तिनं 'तगर' टाइप केलं. कारकुनानं इमानेइतबारे पत्ते सांगितले. पडद्यावर पांढरी फुलं आली, शेजारी तेरच्या संग्रहालयातल्या जुन्या वस्तू आल्या. फिल्टरच्या लेखी सगळं सारखंच, नावं ठीक, गावं ठीक, जाऊ द्या. हे फूल आणि ते गाव, हे त्याला सांगता येणार नव्हतं. ताई कणकेचे हात तसेच ठेवून मागे येऊन उभी राहिली आणि बोटानं दाखवायला लागली. "हे बघ, आपल्या आजीच्या अंगणात होतं ते. ही तेरची. तुला नेलं होतं ना, गोरोबाकाकांच्या देवळात, तिथूनच जवळ."

तेवढ्यात भाचीला तिसरंच काहीतरी दिसलं. आयुर्वेदातलं तगर. ही एक औषधी मुळी, झोप येण्यासाठी देतात, म्हणे. हे ताईला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं.

"म्हणजे मामा, तुमचं दोघांचंही चूक," असं म्हणत तिनं वही ओढली आणि चार रकान्यांच्या शेजारी पट्टीनं पाचवा आखला.